हायड्रोजनच्या गाडीची वाट बघू, की आत्ताच सीएनजी नाहीतर ईव्ही घेऊ? (रोज कासारवडवली ते महापे)

घोडबंदरचा_बाबा:

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबणार आहे, सांभाळून घ्या. आमच्या घरात गाडी बारा-पंधरा वर्षांतून एकदा घेतली जाते, त्यामुळे निवड चुकली तर पुढची पंधरा वर्षं तीच गाडी ओढत बसायची.

सध्याची पेट्रोल गाडी २०१३ ची आहे. २०२८ ला पंधरा वर्षं पूर्ण होतील, मग परत पासिंग, टॅक्स, सगळं आलंच. इंजिन चांगलं आहे पण वर्ष-दीड वर्षात ॲव्हरेज सोळावरून पंधराच्या खाली आलंय आणि मागच्या पावसाळ्यात पेट्रोलचा रबरी पाईप चिरला, मेकॅनिक म्हणाला ई२० मुळे (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) असेल. रोजचं जाणं-येणं कासारवडवली ते महापे, माजिवडा, कळवा पूल, विटावा आणि मग ठाणे-बेलापूर रोड, दोन्ही वेळचं मिळून पन्नासेक किलोमीटर, त्यातलं निम्मं पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच जातं. दोन महिन्यांतून एकदा गावी, कराडच्या थोडं पुढे, एका बाजूने सव्वातीनशे.

माझी मुलगी आठवीत आहे. तिने शाळेत हायड्रोजनच्या गाडीवर प्रोजेक्ट केला, आणि तेव्हापासून रोज सांगते की बाबा धूर नाही, सायलेन्सरमधून फक्त पाणी, पाच मिनिटांत टाकी फुल, मग बॅटरीची गाडी कशाला घेताय, दोन वर्षं थांबा की. मलाही ती बातमी आठवते, मार्च २०२२ मध्ये गडकरी साहेब टोयोटाच्या मिराईमधून संसदेत गेले होते, तेव्हा वाटलं होतं की चार-पाच वर्षांत आपल्याकडे येईलच.

आता तीन वाटा दिसतायत. आहे ती गाडी ओढत हायड्रोजनची वाट बघायची, किंवा फॅक्टरी फिटेड सीएनजी घ्यायची (पण पंपावरची रांग बघून जीव दमतो, आमच्या बाजूला संध्याकाळी पाऊण तास सहज जातो), किंवा ईव्ही घ्यायची, ज्याला आमच्या सोसायटीत अजून एकही चार्जर नाही आणि कमिटी प्रत्येक मीटिंगला विषय पुढे ढकलते. ज्यांचा या कामाशी खरंच संबंध आहे अशांनी सांगितलं तर बरं होईल, व्हिडिओ बघून बघून आता डोकं चालेना.


तळोजा_सेकंड_शिफ्ट:

दादा, मी तळोजा एमआयडीसीत एका केमिकल युनिटला आहे, एकोणीस वर्षं झाली, त्यातली अर्धी हायड्रोजनेशनच्या (रसायनाला हायड्रोजन जोडण्याच्या) प्लँटवर गेली. म्हणजे हायड्रोजन आमच्याकडे रोजचा आहे, भविष्यातला नाही. मुलीला आधी शाबासकी द्या, तिने जे सांगितलं ते सगळं खरं आहे. धूर नाही, पाणीच निघतं, टाकी पाच मिनिटांत भरते. फक्त तो पंपापर्यंत पोचतो कसा आणि बनतो कशातून हे प्रोजेक्टमध्ये सहसा येत नाही, तेवढं मी सांगतो.

वजनाच्या हिशेबाने हायड्रोजनसारखं इंधन नाही. एका किलोत १२० मेगाज्यूल ऊर्जा, पेट्रोलच्या एका किलोत साधारण ४४. पण तो इतका हलका आहे की जागाच पुरत नाही. आमच्याकडे लाल सिलिंडर येतात ना, माणसाच्या छातीएवढे उंच, रिकामा असतानाच एक पन्नास-साठ किलोचा, पोरं तिरका करून गोल गोल फिरवत नेतात, तो १५० बारला (एक बार म्हणजे साधारण आपल्या हवेएवढा दाब) गच्च भरलेला असला तरी आत गॅस असतो जेमतेम अर्धा किलो. अर्धा किलो! बाकी सगळं लोखंड. मोठा माल लागतो तेव्हा ट्यूब ट्रेलर येतो, लांबलचक स्टीलच्या नळ्या रचलेल्या, आख्खा ट्रेलर गेटमधून वळवायला दोन माणसं लागतात आणि त्यात माल निघतो तीनेकशे किलो. तेवढ्याच रस्त्यावरून पेट्रोलचा टँकर पंधरा-वीस हजार लिटर घेऊन जातो. म्हणून गाडीत तो ७०० बारला दाबतात, तुमचा सीएनजी २०० बारला असतो. तसली टाकी कार्बन फायबर गुंडाळून करावी लागते आणि ती स्वस्त नसते. द्रवरूप करायचा म्हटला तर उणे २५३ डिग्रीपर्यंत थंड करा, त्यात परत ढीगभर वीज जाते.

आता बनवण्याचं. हायड्रोजनची विहीर नसते, तो कशाला तरी चिकटलेला असतो आणि तिथून सोडवून घ्यावा लागतो. आज जगात जो बनतो तो बहुतेक सगळा नैसर्गिक वायू नाहीतर कोळशापासून, आणि वायूपासून एक किलो बनवताना नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साईड हवेत जातो. दुसरी रीत पाण्यात वीज सोडून, इलेक्ट्रोलिसिस. त्याला किलोमागे पन्नास-पंचावन्न युनिट वीज लागते, वर दाबून भरायला अजून काही. साठ युनिट धरा.

या साठ युनिटांचं काय होतं बघा. एक किलो हायड्रोजनवर फ्युएल सेलची गाडी (सेलमध्ये हायड्रोजनची परत वीज करून मोटर फिरवणारी) साधारण शंभर किलोमीटर जाते (मिराईची टाकी ५.६ किलोची आहे, कंपनी ६५० पर्यंत सांगते, आपल्या ट्रॅफिकला शंभरच धरलेलं बरं). तेच साठ युनिट सरळ बॅटरीत भरले तर ईव्ही साडेतीनशे ते चारशे किलोमीटर जाते. मधे कोणी चोरत नाही दादा, नुसतं विजेचं हायड्रोजन करा, दाबा, वाहून न्या, परत त्याची वीज करा आणि मग मोटर फिरवा, या प्रत्येक पायरीवर थोडं थोडं गळत जातं. फ्युएल सेल स्वतःच आत येणाऱ्यातलं अर्धं, फार तर साठ टक्के परत देतो. हे कुठल्या कंपनीचं अपयश नाही, निसर्गाचा हिशेब आहे, इंजिनिअर हुशार झाले तरी थोडाफारच सुधारेल.

म्हणून कारसाठी हायड्रोजनची वाट बघू नका असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या कॅलिफोर्नियात लोकांनी या गाड्या घेतल्या तिथेही शेलने फेब्रुवारी २०२४ मध्ये आपले कारसाठीचे हायड्रोजन पंप कायमचे बंद केले. पंप नाहीत म्हणून गाड्या नाहीत, आणि गाड्या नाहीत म्हणून पंप परवडत नाहीत.


वाशी_सेक्टर_१७:

तळोजावाले भाऊ, माहिती छान दिलीत. पण सेफ्टीचं राहिलं. आमच्याकडे सगळे म्हणतात हायड्रोजन म्हणजे चालता बॉम्ब. तुम्ही रोज त्याच्या शेजारी उभे राहता, तुम्हाला काय वाटतं?


तळोजा_सेकंड_शिफ्ट:

बॉम्ब नाही, पण हलक्यात घ्यायचा पण गॅस नाही. उघड्यावर गळला तर सरळ वर निघून जातो, एलपीजीसारखा जमिनीलगत पसरून राहत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण हवेत चार टक्क्यांपासून पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत कधीही पेटू शकतो, पेटायला अगदी बारीक ठिणगी पुरते, रंग नाही, वास नाही, आणि दिवसाउजेडी त्याची ज्योत डोळ्याला दिसत नाही. सीएनजीत, एलपीजीत वासाचं द्रव्य घालतात म्हणून आपल्याला गळती कळते. फ्युएल सेलला ते द्रव्य चालत नाही, आतला प्लॅटिनमचा थर खराब होतो. म्हणून आम्ही डिटेक्टरशिवाय आत पाऊल टाकत नाही, जॉइंटवर साबणाचं पाणी मारून बुडबुडे बघतो, हत्यारं ठिणगी न पडणारी, कपडे कॉटनचे, अर्थिंग रोज तपासायचं. ही शिस्त प्लँटमध्ये पाळता येते. घोडबंदरच्या टॉवरमधल्या दोन-तीन मजली बेसमेंट पार्किंगचा मात्र मला विचार पडतो, कारण वर जाणारा गॅस बंद छताखालीच जमणार. तिथे वेंटिलेशन आणि डिटेक्टर लावावेच लागतील, आणि आपल्याकडे बेसमेंटमधले पंखे चालू आहेत की बंद हे कोण बघतं.


उरण_ट्रेलर:

माझे तीन ट्रेलर आहेत, न्हावा शेवा बंदरावरून माल काढतो. कारचं तुम्ही ठरवा पण अवजड गाड्यांच्या बाबतीत हायड्रोजनला एकदम नाही म्हणू नका एवढंच सांगायला लिहितोय.

माझी भरलेली गाडी डिझेलवर लिटरला तीनच्या आसपास देते, घाट असेल तर त्याहून कमी. आता बॅटरीचा ट्रक घेतला तर किलोमीटरला सव्वा-दीड युनिट जाणार. तीनशे युनिटची बॅटरी असेल तरी दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर, आणि ती बॅटरीच दोन टनांच्या आसपास भरते. जेएनपीटी (न्हावा शेवा) ते तळोजा, भिवंडी, कळंबोली अशा फेऱ्यांना हे मस्त आहे, दिवसातून दोन खेपा, मधे कंटेनर उतरेपर्यंत चार्जिंग, आणि उतारावर बॅटरी उलटी भरते, ब्रेकचे लायनर वाचतात. मी पुढची गाडी त्यासाठी इलेक्ट्रिकच बघतोय. पण मला नागपूरची खेप आली तर? आठशेच्या वर किलोमीटर, ड्रायव्हर रस्त्यात तीन-चार वेळा तासन् तास थांबणार आणि दोन टन माल कमी नेणार, भाडं मला टनावर मिळतं, बॅटरीवर नाही.

तिथे हायड्रोजन येऊ शकतो. टाटाने मार्च २०२५ मध्ये सोळा ट्रकची ट्रायल सुरू केली, दोन वर्षांची, त्यात आपला मुंबई-पुणे पट्टा पण आहे. त्यातले काही फ्युएल सेलचे आणि काही सरळ इंजिनात हायड्रोजन जाळणारे. इंजिनवाल्याचं मला जास्त कौतुक वाटतं कारण आपला कळंबोलीचा मिस्त्री ते उघडू शकेल, ओळखीची वस्तू आहे. मात्र इंजिनात जाळला की नुसतं पाणी निघतं असं म्हणता येत नाही, जास्त तापमानाला हवेतल्या नायट्रोजनचे ऑक्साईड पण बनतात, ते आवरावे लागतात. २०२३ च्या फेब्रुवारीत रिलायन्स आणि अशोक लेलँडने पण असा इंजिनवाला ट्रक दाखवला होता.

एलएनजीबद्दल कोणी विचारलं नाही पण सांगतो. उणे १६२ डिग्रीला द्रव केलेला नैसर्गिक वायू, लांबच्या खेपेला डिझेलला खरा पर्याय, आवाज कमी, धूर कमी. पण गाडी चार-पाच दिवस उभी राहिली तर आतला गॅस तापून हळूहळू बाहेर सोडावा लागतो. दिवाळीला ड्रायव्हर गावी गेला आणि गाडी यार्डात पडली की माझं इंधन हवेत. ज्याची गाडी रोज पळते त्यालाच ते परवडतं.


खारघरची_ताई:

मी दोन वर्षं झाली ईव्ही चालवतेय, खारघर ते बीकेसी, आठवड्यातून तीन दिवस, बाकीचे दिवस हार्बरने. (हार्बरची लोकल विजेवर धावायला लागली ३ फेब्रुवारी १९२५ ला, व्हीटी ते कुर्ला, त्यामुळे विजेवरचा प्रवास आपल्याला नवा आहे असं कोणी म्हणू नये.)

बाबा, तुमच्या रोजच्या पन्नास किलोमीटरला सात-आठ युनिट लागतील. माझी गाडी युनिटला साडेसहा देते, मे महिन्यात एसी फुल असताना सहा. साध्या सोळा अँपियरच्या सॉकेटवर तासाला तीनेक युनिट जातात, म्हणजे तुमचं रोजचं चार्जिंग अडीच-तीन तासांत संपलं, रात्री लावा आणि झोपा. मोठा चार्जर पाहिजेच असं नाही. विटाव्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलात तर पेट्रोल गाडी उभ्या उभ्या जळत राहते, ईव्हीत फक्त एसी जातो. मला युनिटमागे सगळे चार्ज धरून बारा रुपये पडतात, म्हणजे किलोमीटरला दोन रुपये. तुमचं पेट्रोल शंभरच्या वर आणि ॲव्हरेज पंधरा, हिशेब तुम्हीच करा. ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतूवर ईव्हीला टोल माफ आहे, माझे त्यात खूप वाचतात, तुमच्या रस्त्याला त्याचा उपयोग नाही म्हणा.

कराडला जाताना एकदा थांबावं लागेल. चाळीस-पंचेचाळीस युनिटची बॅटरी असेल तर हायवेला खरे पावणेतीनशे धरा, कंपनी काहीही सांगो. पुण्याच्या पुढे खंबाटकीच्या आधी किंवा साताऱ्याला जेवायला थांबलात की पाऊण तासात काम होतं. गणपतीच्या, दिवाळीच्या आदल्या दिवशी मात्र चार्जरवर पण रांग लागते, हे लपवणार नाही. मी मागच्या गणपतीत एका ठिकाणी सव्वा तास उभी होते, दोनपैकी एक गन बंद होती आणि बरोबर सासूबाई होत्या, त्यांना बसायला सावली नव्हती, फार वाईट वाटलं. त्या दिवशीपासून मी दुसरा चार्जर कुठे आहे हे आधी बघून ठेवते.

सोसायटीचं सांगते कारण खरी अडचण तीच आहे. आमच्या कमिटीने सात महिने घेतले. आग लागेल, मीटर रूममध्ये जागा नाही, एकाला दिलं तर सगळे मागतील, हीच उत्तरं. शेवटी आम्ही चार जणांनी मिळून लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून बिल्डिंगचा सँक्शन लोड (किती वीज मंजूर आहे) आणि प्रत्यक्ष लोड लिहून घेतला, महावितरणकडे ईव्हीचं वेगळं कनेक्शन मिळतं त्याचा अर्ज जोडला, केबल कुठून जाणार त्याचा कागदावर नकाशा काढला आणि जनरल बॉडीत ठेवला. कागद समोर आला की आरडाओरडा कमी होतो. एकट्याने भांडू नका, दोन-तीन घरं सोबत घ्या.


कोळसा_नको:

पण ताई, महाराष्ट्राची वीज बहुतेक कोळशावरच ना? मग ईव्ही म्हणजे धूर ठाण्यातून उचलून चंद्रपूरला, कोराडीला नेऊन टाकल्यासारखं झालं. तिथल्या लोकांनी तो का खावा? यापेक्षा हायड्रोजन बरा नाही का?


तळोजा_सेकंड_शिफ्ट:

प्रश्न रास्त आहे आणि चंद्रपूरच्या माणसाचा विचार कोणीतरी केला म्हणून बरं वाटलं, माझी बहीण तिकडेच दिलेली आहे, तिच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसते.

आकडे मांडून बघू. देशाच्या ग्रिडवर आज एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साईड निघतो. ईव्ही साडेसहा किलोमीटर जाते, म्हणजे किलोमीटरला ११० ग्रॅम. पेट्रोल एक लिटर जाळलं की २.३ किलो, बाबांच्या गाडीचं पंधराचं ॲव्हरेज धरलं तर किलोमीटरला दीडशेच्या वर, त्यात रिफायनरीचं आणि टँकरचं धरलेलंच नाही. ईव्हीची बॅटरी बनवतानाचं ओझं वेगळं असतं, ते पहिल्या काही वर्षांच्या चालण्यात फिटतं, जास्त चालवणाऱ्याचं लवकर फिटतं. आता याच कोळशाच्या विजेवर हायड्रोजन बनवला तर साठ युनिट गुणिले ०.७, म्हणजे बेचाळीस किलो, आणि गाडी गेली शंभर किलोमीटर. किलोमीटरला चारशे वीस ग्रॅम! पेट्रोलच्या अडीच पटीहून जास्त. चंद्रपूरवर तर ईव्हीच्या चौपट राख.

नैसर्गिक वायूपासून बनवलेला हायड्रोजन वापरला तर शंभर ग्रॅमच्या थोडा वर, म्हणजे आजच्या ईव्हीएवढाच. फरक असा की ग्रिडमध्ये जसजशी सोलर वाढेल तशी तुमची तीच जुनी ईव्ही आपोआप स्वच्छ होत जाईल, वायूचा हायड्रोजन आहे तिथेच राहील.

हायड्रोजनला माझा विरोध नाही हे परत सांगतो. केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटींचं ग्रीन हायड्रोजन मिशन मंजूर केलं, २०३० पर्यंत वर्षाला पन्नास लाख टनांचं लक्ष्य आहे. त्यातला पहिला घास खताला आणि रिफायनरीला जायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. कारण तिथे हायड्रोजनला पर्यायच नाही. अमोनियाशिवाय युरिया नाही आणि हायड्रोजनशिवाय अमोनिया नाही, आज तो जवळपास सगळा नैसर्गिक वायूपासून बनतोय. पुढे स्टीलला लागेल. जिथे बॅटरी हेच काम चौथाई विजेत करते तिथे, म्हणजे कारमध्ये, हा महागाचा माल घालणं म्हणजे पिण्याच्या टँकरने अंगण धुणं.


ऐरोलीचा_श्रीगोंदेकर:

इथेनॉलचं कोणीच बोलत नाही म्हणून लिहितो. आमचा ऊस आहे गावी, साडेतीन एकर, भाऊ बघतो.

बाबा, तुमचं ॲव्हरेज सोळाचं पंधरा झालं ते हिशेबात बसतं. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, वीस टक्के मिसळलं की सहा-सात टक्के कमी. पंधराच्याही बरंच खाली गेलं असेल तर प्लग आणि एअर फिल्टर बघून घ्या, सगळं इथेनॉलवर ढकलू नका. पाईपचं म्हणाल तर एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांत रबर आणि गॅस्केट ई२० ला चालणारे असतात, तुमच्या २०१३ च्या गाडीत ते नाहीत, आणि बारा वर्षांचं रबर तसंही चिरतंच, दोन्ही कारणं असू शकतात. बदललेला पाईप ई२० चा आहे ना एवढं मेकॅनिकला विचारा.

आता शेतकऱ्याच्या बाजूने. कारखान्याची डिस्टिलरी असेल तर उसाचे पैसे लवकर निघतात, हे मी घरी अनुभवलंय. आधी साखर विकली जायची वाट बघत बिल सहा-सहा महिने अडकायचं, त्यावर आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन एकदा लांबलं होतं. तेल कंपन्यांकडून इथेनॉलचे पैसे वेळेत येतात म्हणून कारखाना आम्हाला वेळेत देतो. त्यामुळे कोणी इथेनॉलला नुसत्या शिव्या घातल्या की मला लागतं.

पण पाण्याचं मी नाकारत नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात उसापासूनच्या एका लिटर इथेनॉलला २८६० लिटर पाणी दिलंय. आमच्याकडे एप्रिलनंतर बोअरला पाणी नसतं, बायका टँकरची वाट बघतात आणि उसाला मात्र रात्री-अपरात्री लाईट आली की मोटर चालू. डिसेंबर २०२३ मध्ये पाऊस कमी झाला तर सरकारने रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली, ती ऑगस्ट २०२४ मध्ये उठवली. म्हणजे पाऊस चुकला की इंधन चुकलं. आता मक्यापासून जास्त बनतं, तर कोंबडीवाले म्हणतात खाद्य महागलं. वीस टक्के ठीक आहे, सगळ्या गाड्या ऊस पिऊन चालवायच्या म्हटलं तर तेवढी जमीन आणि पाणी या राज्यात नाही, आणि हे मी ऊसवाला असून म्हणतोय.

माझा जास्त विश्वास आहे प्रेसमडपासून (उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ) आणि शेणा-काडीपासून होणाऱ्या कॉम्प्रेस्ड बायोगॅसवर. तो साफ केला की सीएनजीच, तीच टाकी, तोच पंप. सरकारची २०१८ पासूनची ‘सतत’ (SATAT) नावाची योजना त्यासाठीच आहे. त्याला नवीन पाणी लागत नाही, वाया जाणारा माल लागतो. तुम्ही सीएनजी घेतलीत तर उद्या तुमच्या टाकीत थोडा आमच्या कारखान्याचा प्रेसमड पण असेल.


घोडबंदरचा_बाबा:

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. साठ युनिटांचा हिशेब मी वहीवर परत मांडून मुलीला दाखवला. ती आधी हिरमुसली, मग म्हणाली की म्हणजे हायड्रोजन वाईट नाही, आपली गाडी त्याच्यासाठी छोटी आहे. मला ते पटलं.

हायड्रोजनची वाट बघणं सोडलं. सीएनजी की ईव्ही हे सोसायटीवर अडलंय. ताई, तुमच्यासारखंच करतोय, आमच्या विंगमधली अजून दोन घरं तयार आहेत, उद्या इलेक्ट्रिशियन लोड बघायला येतोय, रविवारी जनरल बॉडी आहे. मंजूर झालं तर ईव्ही. नाहीच झालं तर सीएनजी घेईन आणि पहाटे सहाला पंपावर जाईन, डिकीत गावचं पोतं मावणार नाही तेवढं सोसू. एक विचारतो, सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने टाकीची तपासणी) करावी लागते ती फॅक्टरी फिटेडला पण लागते का?

आणि तळोजावाले काका, मुलगी विचारतेय की हायड्रोजन प्रत्यक्ष बघता येईल का, तिच्या शाळेत नुसतं चित्र होतं.


उरण_ट्रेलर:

हो, फॅक्टरी फिटेडला पण लागते, तीन वर्षांनी. प्लेटवर तारीख असते ती बघा, चुकवू नका, सर्टिफिकेट नसेल तर पंपवाला गॅस भरत नाही आणि त्याचं बरोबर आहे.


खारघरची_ताई:

रविवारी काय झालं ते नक्की लिहा. केबलचा नकाशा पाहिजे असेल तर आमच्याकडचा कागद कसा होता ते मी लिहून देते.


तळोजा_सेकंड_शिफ्ट:

बघता येईल बेटा, घरीच. बाबांना सोबत बसव, एकटीने करायचं नाही आणि खिडकी उघडी ठेवायची. काचेच्या ग्लासात पाणी घे, त्यात दोन चमचे खाण्याचा सोडा विरघळव. मीठ टाकू नकोस, मिठाने क्लोरीन सुटतो, तो घशाला लागतो. दोन पेन्सिली दोन्ही टोकांना तासून घे, नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीला वायरने जोड आणि शिसाची टोकं पाण्यात बुडव, एकमेकांना लागू देऊ नकोस. दोन्हीकडून बुडबुडे येतील. ज्या टोकाला बॅटरीचा मायनस आहे तिथे जास्त, साधारण दुप्पट. तो हायड्रोजन, दुसरीकडचा ऑक्सिजन. बुडबुडे कशात जमवायचे नाहीत, काडी लावायची नाही, नुसतं बघायचं. मग घड्याळ लावून बघ, दहा मिनिटांत किती जमले असते. आमच्या लाल सिलिंडरमधला अर्धा किलो भरायला असे बुडबुडे किती वर्षं सोडावे लागतील ते गणित करून बाबांना इथे लिहायला सांग, मी शिफ्ट संपली की बघतो.